भाकरीतले ढग

माझा थोरला भाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठा आहे आणि गेल्या पावसाळ्यापासून कायद्याने मी त्याचा पालक आहे. हे कुणाला सांगितलं की समोरचा मनात वयांची वजाबाकी करतो आणि मग माझ्याकडे संशयाने पाहतो. त्यात त्याची चूक नाही. चौथीपर्यंत मला शाळेत सोडायला हाच भाऊ यायचा. त्याची स्वतःची शाळा पहिलीतच संपली होती, पण रस्ता त्याला पाठ होता आणि मला नव्हता.

आमच्या घरात मराठी आणि कन्नड एकाच ताटात वाढलेली असतात. म्हणून तो अण्णा आणि मी तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. पुढे मी कॉलेजात ग्रंथपाल झालो, निवृत्त झालो, केस गेले, दातही जायला लागले. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या घरात मी अजून तम्माच आहे.

अण्णाची बुद्धी लहानपणी एका जागी थांबली, असं डॉक्टर सांगत. आई, म्हणजे आमची अव्वा, ते मानायची नाही. "थांबली न्हाय, सावकाश चाललीय," म्हणायची. "घाई कुनाला हाय?" अण्णाला वाचता येत नाही. वीसपर्यंत मोजता येतं. पुढे तो पुन्हा एकपासून सुरू करतो. त्याच्या सरकारी दाखल्यावर त्याची कमतरता टक्क्यांत लिहिली आहे. उरलेल्या टक्क्यांबद्दल दाखल्यात एक अक्षर नाही.

त्या उरलेल्या टक्क्यांत भाकरी येते. अव्वाने सुरू केलेला कडक भाकरीचा धंदा आता माझी बायको चालवते. ज्वारी मंद्रूपच्या बाजारातून येते, थापायला दोन बाया कुंभारीहून येतात. भाकरी पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर वाळवायची. नीट वाळली तर महिनाभर टिकते. कुठे बोटभर ओल राहिली तर आठवड्यात पाकिटात बुरशी. ही ओल हाताला कळत नाही. भाकरी उजेडात धरली तर मात्र काळपट डागासारखी दिसते. अव्वा त्या डागाला ढग म्हणायची, आणि ढग बघायचं काम तिने अण्णाला शिकवलं.

तेव्हापासून रोज सकाळी अण्णा दारात स्टूल टाकून बसतो. एकेक भाकरी दोन्ही हातांनी रस्त्याकडे धरतो. "जा" म्हणाला की भाकरी पाकिटात. "ढग" म्हणाला की परत शेगडीवर. या निकालावर अपील नाही. मी आयुष्यभर समित्या पाहिल्या, पुस्तकखरेदीची समिती, रद्दी विकण्याची समिती, आणि दुसऱ्या समितीने पहिलीचीच पुस्तकं विकलेली पाहिली. पण इतक्या कमी शब्दांत इतके बिनचूक निर्णय देणारं दुसरं कुणी माझ्या पाहण्यात नाही.

मागच्या पाडव्याच्या सुमारास ढग वाढले. आधी टोपलीत चार-पाच, मग पाव टोपली, मग अर्धी. बायकोने ज्वारीवर संशय घेतला आणि व्यापारी बदलला. मग शेगडी बदलली. मग थापणाऱ्या बायांना बोलणी बसली. शेवटी माझी पाळी आली, कारण मी पेपर वाचायला खिडकी उघडी ठेवतो आणि दमट हवा म्हणे त्याच खिडकीतून यायची. सोलापुरात, चैत्रात, दमट हवा! पण अण्णाचा निकाल चुकेल अशी शंका आमच्यापैकी एकालाही आली नाही. ढग म्हटलेल्या भाकऱ्या आम्ही पुन्हा वाळवत होतो, पुन्हा ढग म्हणाला की तिसऱ्यांदा. एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, "वहिनी, ह्या खायच्या का छपरावर घालायच्या?"

मग एका सकाळी अण्णाने चुकून रिकामं प्लास्टिकचं पाकीट उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाला, "ढग."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पाकिटाकडे पाहिलं. खिडकी माझी निर्दोष होती, पण ते सांगायची वेळ नव्हती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, आणि चांगला पिकलेला. उशीर केला तर नजर कायमची जाईल. एरवी दहा-पंधरा मिनिटांचं काम, डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकून होतं. पण अण्णा थेंबाची बाटली बघूनच टेबलाखाली गेला होता. म्हणजे पूर्ण भूल द्यावी लागणार, आणि तिच्यासाठी संमतीची सही लागणार.

"आईवडील?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोघंही गेले. मी भाऊ आहे."

"लीगल गार्डियन आहात का?"

"सख्खा भाऊ आहे."

"ते झालंच हो. पण कागद आहे का?"

अण्णा केव्हाच सज्ञान झालेला होता, म्हणून त्याच्या वतीने मला सही करता येत नव्हती. आणि दाखल्यावर टक्के होते, म्हणून त्याची स्वतःची सही चालत नव्हती. म्हणजे अण्णाच्या डोळ्यांसाठी सही करू शकेल असा माणूस त्या दिवशी अख्ख्या देशात नव्हता. यावर उपाय होता. अशा प्रौढ माणसाला पालक नेमून देणारी एक सरकारी समिती असते. तिच्याकडे अर्ज करायचा.

अण्णाला ऑपरेशन नकोच होतं. "माजे डोळे बरे हायत," तो म्हणाला. "भाकरी वाईट हाय."

यावर आम्ही काय करावं? बायको मला आत नेऊन म्हणाली, "भावजींना सांगू नका हं काई. तेवढं एकच काम हाय त्यांचं. चुकतंय म्हनलं तर माणूस बसल्या जागी खचंल." मलाही ते पटलं. मग रोजची रीत अशी पडली: अण्णा दारात बसून निकाल द्यायचा, ढगवाली टोपली बायको मान हलवत आत न्यायची, आणि आत मी चष्मा लावून त्याच भाकऱ्या पुन्हा तपासून मागच्या मागे पाकिटात भरायचो. अण्णा खूश होता. इतक्या वाईट भाकऱ्या त्याने आयुष्यात पकडल्या नव्हत्या. आम्हालाही आपण फार समजूतदार माणसं आहोत असं वाटत होतं.

इकडे मी अर्जाच्या मागे लागलो. पुस्तकांत आयुष्य गेल्यामुळे मी कायदा मुळातून वाचला, अधोरेखित केला, फाइल केली, फाइलला अनुक्रमणिका केली. अर्जात दोन रकाने होते. एकात पालक, म्हणजे मी. दुसऱ्यात पाल्य. पाल्याच्या रकान्यात मी थोरल्या भावाचं वय लिहिलं. लहानपणी पंचकट्ट्याच्या गर्दीत माझा हात सुटला म्हणून यानेच माझ्या थोबाडीत दिली होती.

अर्जाला बाकी भावंडांची हरकत नसल्याचं पत्र लागतं. आमची अक्का सगळ्यांत थोरली, अक्कलकोटला दिलेली. तिला फोन केला.

"तू अण्णाचा बाप होणार?" ती म्हणाली.

"बाप नाही गं, पालक."

"तुला तुजी छत्री सांभाळता येईना. तीन हरवलास."

"अक्का, सही करणार का नाही?"

"करते की. पण त्याला इचारलास का?"

"त्याला काय विचारायचं? त्याला कळत नाही म्हणूनच तर हा सगळा खटाटोप."

"इचारून तर बघायचं होतंस," अक्का म्हणाली आणि नातवाला रागवायला निघून गेली. मी तिच्या बोलण्याची नोंद घेतली नाही. माझ्या फाइलमध्ये त्यासाठी जागा नव्हती.

सुनावणीच्या दिवशी अण्णाने पांढरा शर्ट घातला आणि भाकरीचं एक पाकीट बरोबर घेतलं. मोठ्या लोकांकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हा अव्वाचा नियम. माझ्या खिशात चार पानांचं निवेदन होतं. त्यात मानवी प्रतिष्ठा हा शब्द तीनदा आला होता. मी ते आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. बायको मागून म्हणाली, "लई छान. आता भावजींची बटनं लावा."

लांब टेबलामागे समिती बसली होती. मध्ये अध्यक्ष, त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल. सरकारी अधिकार किती ते या टॉवेलच्या स्वच्छतेवरून ओळखावं, असं माझं जुनं निरीक्षण आहे. हा बराच पांढरा होता. एका बाजूला वकीलबाई, दुसऱ्या बाजूला एका संस्थेच्या बाई, आणि टोकाला व्हीलचेअरवर एक गृहस्थ. समितीत एक सदस्य स्वतः अपंग असावा लागतो, हे मी फाइलमध्ये अधोरेखित केलं होतं.

अध्यक्षांनी सौजन्याने चौकशी केली. सगळी मलाच. हे काय खातात, झोप कशी आहे, राग येतो का. अण्णा माझ्या शेजारी बसून प्रश्न विचारणाऱ्याकडे आणि उत्तर देणाऱ्याकडे आळीपाळीने बघत होता.

"यांना स्वतःचे निर्णय स्वतः घेता येतात का?"

"नाही," मी म्हणालो. एकदम ठाम. त्याचीच तर तयारी करून आलो होतो.

"कोन म्हनतंय?" अण्णा म्हणाला.

मी निवेदनासाठी खिशात हात घातला. तेवढ्यात व्हीलचेअरवरचे गृहस्थ पुढे वाकले आणि अण्णाला म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा. काय काम करता?"

"भाकरी बघतो."

"बघता म्हणजे? दाखवा की."

अण्णा खूश झाला. त्याने पाकीट फोडलं, एक भाकरी काढली आणि खिडकीकडे तोंड करून दोन्ही हातांनी वर धरली. अध्यक्षही नकळत खिडकीकडे वळले.

"ढग," अण्णा म्हणाला. ती बाजूला ठेवून त्याने दुसरी काढली. "ढग." तिसरी. चौथी. पाचवी त्याने बराच वेळ धरली, फिरवली, डोळे बारीक केले. मग हळूच सगळ्या भाकऱ्या गोळा करून पाकिटात घालायला लागला. त्याचा चेहरा उतरला होता.

"ह्या खाऊ नका सायेब," तो अध्यक्षांना म्हणाला. "वल्या हायत. आमची चूक झाली. मी बदलून आनतो."

त्या गृहस्थांनी हात पुढे करून एक भाकरी मागून घेतली. मोडली. कटकन आवाज झाला. एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"कोरडी आहे," ते म्हणाले.

"न्हाय."

"ऐका." त्यांनी खुर्ची पुढे घेतली आणि उरलेली भाकरी अण्णाच्या कानाशी धरून मोडली. मग अजून एकदा. अण्णा डोळे मिटून ऐकत होता. "ओली भाकरी असा आवाज करते का?"

अण्णाने मान हलवली. नाही.

"काका, ढग भाकरीत नाहीये. तुमच्या डोळ्यांत आहे. भाकऱ्या चांगल्याच होत्या. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

अण्णा माझ्याकडे वळला. "तम्मा?"

माझ्या खिशात चार पानं होती आणि त्यांतलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. "व्हय अण्णा," मी म्हणालो.

"कवापासनं?"

"पाडव्यापासून."

"सगळ्या जायच्या हुत्या?"

"बहुतेक सगळ्या."

"आनि तुमी मला सांगितलं न्हाय." हे त्याने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता माहिती घेत होता.

अध्यक्ष खाकरले. त्या गृहस्थांनी विचारलं, "काका, डोळ्यांचं ऑपरेशन करायचं का?"

"घरी जाऊन सांगतो," अण्णा म्हणाला. मला नाही, त्यांना.

समितीने मला पालक नेमलं. त्या गृहस्थांनी एक अट घालून घेतली: पालकाने कुठलाही निर्णय घेण्याआधी पाल्याला सगळी माहिती समजेल अशी द्यावी आणि त्याला काय हवं ते विचारावं. असं काहीसं कायद्यात आधीपासूनच असावं. मी ते वाचलंही होतं. अधोरेखित मात्र केलं नव्हतं.

घरी आल्यावर अण्णा शर्टसुद्धा न बदलता स्टुलावर बसला आणि सकाळची टोपली मागितली. मग एकेक भाकरी कानाशी धरून मोडायला लागला. कटकन. कटकन. तुकडे मांडीवरून पायरीवर पडत होते. वीस झाल्या की पुन्हा एक. बायको धावली, "अवो, समदी टोपली चालली की! काय करलालेत भावजी?" मी तिचा हात धरला आणि कार्यालयात काय झालं ते सांगितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

संपूर्ण टोपलीत दोन भाकऱ्या मोडताना आवाज न करता नुसत्या वाकल्या. त्या दोन अण्णाने वेगळ्या ठेवल्या.

"दोनच," तो म्हणाला. "बाकीच्या बऱ्या हुत्या."

बायकोने पदर डोळ्यांना लावला.

"रडू नगंस," अण्णा म्हणाला. "भाकरी वली हुईल."

मग त्याने पायरीवरचे तुकडे गोळा केले, आणि ते करता करता निकाल दिला. "एक डोळा करा. एकच."

"दोन्हींत आहे रे मोतीबिंदू," मी म्हणालो.

"एक करा. डॉक्टरनं बिगडीवला, तर दुसरा ऱ्हाईल की."

मी डॉक्टरांकडे जाऊन जरा अवघडतच हे सांगितलं. पेशंटचा हट्ट आहे, समजून घ्या वगैरे. डॉक्टर म्हणाले, "हट्ट कसला? एका वेळी एकच डोळा करतो आम्ही. सगळ्यांचा. कारणही तेच."

ऑपरेशनच्या आधी अण्णाने घरी सराव केला. कॉटवर उताणा पडायचा आणि बायको त्याच्या डोळ्यात साध्या औषधाचा थेंब टाकायची. पहिल्या दिवशी त्याने तिला ढकललं, दुसऱ्या दिवशी मला. चौथ्या दिवशी मुठी आवळून वीसपर्यंत मोजत पडून राहिला. डॉक्टरांनी तपासून पाहिलं आणि भूल नको म्हणाले. म्हणजे ज्या भुलीसाठी हा कागद काढला, ती भूल लागलीच नाही. कागद तरीही लागला. काउंटरवरच्या बाईंनी त्याची झेरॉक्स घेतली, माझ्या सह्या घेतल्या आणि फाइल बंद केली.

अण्णा अंगठा पुढे करून उभा होता.

"त्यांचं नाही लागत," बाई म्हणाल्या.

अण्णा हलला नाही. मागे रांग वाढत होती. मी फाइलमधली अट काढून दाखवावी असा विचार करत होतो, पण अंगठा माझ्या फाइलपेक्षा प्रभावी ठरला. बाईंनी शाईचा पॅड शोधून आणला. फॉर्मवर मोकळी जागा एकच उरली होती, साक्षीदाराची. तिथे अंगठा उठला. माझा भाऊ आपल्याच ऑपरेशनला साक्षीदार म्हणून हजर होता, आणि पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत तो वीसपर्यंत मोजून कितीदा परत एकवर आला असेल, कोण जाणे.

आता तो पुन्हा दारात बसतो. डावा डोळा मिटतो, उजव्याने भाकरी बघतो. "जा" जास्त आणि "ढग" थोडे, जसं पूर्वी होतं तसं. एक गोष्ट तेवढी नवीन आहे. सगळं भरून झालं की तो बंद पाकिटांतलं कुठलंही एक फोडायला लावतो आणि त्यातली एक भाकरी कानाशी मोडतो. मग बायकोला किंवा मला विचारतो, "खरं सांग, दुसरं काई हाय?" हा अविश्वास आहे. आम्ही तो मेहनत करून मिळवलेला आहे.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलं आहे. डॉक्टर म्हणतात, फार लांबवू नका. माझा कागद कपाटात आहे; पण त्याच्या शेजारीच अटीचा कागदही आहे. मी अण्णाला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "बगू" म्हणाला. गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं. तो भाकऱ्या बघत होता.

"तम्मा, खरं सांग. ह्या डोळ्यात बी ढग हाय?"

"हाय."

"लई?"

"लई."

त्याने चांगला डोळा मिटला, भाकरी वर धरली, दुसऱ्याने पाहिली. मग पहिल्याने. मग परत दुसऱ्याने. असं चार-पाचदा केलं. मला घाई करावीशी वाटली, पण केली नाही.

"नवी ज्वारी येऊ दे," तो म्हणाला. "तिला दोन लागतील."

मी डॉक्टरांना फोन करून कळवलं की पेशंट तयार आहे, पण नवी ज्वारी आल्यावर.

"चालेल," डॉक्टर म्हणाले. "कधी येते?"

मी अंदाजाने सांगणार होतो, पण थांबलो. "धरा हं," म्हणालो, "अण्णाला विचारून सांगतो."